विषारलेल्या मातीची साक्ष



पहाटे गोठ्याचें दार उघडल्याबरोबर जो उग्र दर्प नाकाला झोंबतो, त्याची आठवण आज शहरांत राहणाऱ्यांपैकींही अनेकांना असेल. तो दर्प अमोनिया वायूचा. ताज्या गोमूत्राला तो नसतो; गोमूत्र जमिनीवर पडून कांहीं वेळ गेला म्हणजे तो सुटतो. गोमूत्रांत युरिया नांवाचा पदार्थ असतो. तोच युरिया स्वच्छ पाण्यांत विरघळवून बाटलींत बंद करून ठेवला, तर महिने लोटले तरी तो बहुतांशीं जसाच्या तसा राहतो. मात्र त्यांत थोडी बागेंतील माती टाकली, कीं कांहीं तासांतच त्याचें विघटन झाल्याचें दिसूं लागतें. अर्थात् हें काम करणारें कांहींतरी त्या मातींत असलें पाहिजे.

तें कांहींतरी म्हणजे युरिएज नांवाचें विकर. इंग्रजींत ज्याला एन्झाइम म्हणतात त्यास मराठींत विकर हा शब्द आतां रूढ झाला आहे. आपल्या लाळेंत व जठरांत जशीं अन्नाचें पचन करणारीं विकरें असतात, तशींच तीं मातींतही असतात. आणि तीं तेथील सूक्ष्म जंतु, बुरशा व झाडांचीं मुळें यांच्यापासून येतात. एक विकर युरिया फोडतें, दुसरें कुजणाऱ्या पानांत अडकलेला फॉस्फरस मोकळा करतें, तिसरें साखरेच्या रेणूंचे तुकडे करतें. गळून पडलेलें पान पुन्हां अन्नरूपानें झाडाच्या मुळाशीं पोहोंचतें, तें यांच्याच द्वारें. आज मला सांगावयाचा आहे तो या विकरांच्या शोधाचा इतिहास. आणि विशेषतः, जमीन विषारली आहे किंवा नाहीं हें त्यांनाच विचारून पाहण्याची युक्ति मनुष्याला कशी सुचली व ती कितपत विश्वासार्ह ठरली, याची हकीकत.

आरंभींच एक शंका येईल. जमिनींत शिसें, तांबें किंवा जस्त किती आहे हें रसायनशास्त्रज्ञ अचूक सांगूं शकतो. मग विकरांना कशाला विचारावयाचें? याचें उत्तर असें, कीं धातूचें वजन आणि धातूचा अपाय या दोन भिन्न गोष्टी आहेत. चिकण व कुजलेल्या पालापाचोळ्यानें समृद्ध अशा मातींत बरेंचसें तांबें मातीच्या कणांना घट्ट चिकटून निरुपद्रवी होऊन बसतें; तेंच तेवढेंच तांबें रेताड व आम्ल मातींत मोकळें राहून जंतूंचा घात करतें. औषधाची बाटली तोलून रोग्याची प्रकृति कळत नाहीं, त्यासाठीं रोग्याची नाडी पाहावी लागते. शिवाय हा नुसता पांडित्याचा प्रश्न नव्हे. किडलेलें धान्य फेकून देतां येतें, गढूळ पाणी निवळतें. परंतु जमिनींत शिरलेली धातु कुजत नाहीं, उडून जात नाहीं आणि नांगरानें निघतही नाहीं. एखाद्या शेतावर शहराच्या मैल्याचा गाळ घालावा कीं घालूं नये, कारखान्याच्या धुराखालीं आलेल्या रानाची आशा धरावी कीं सोडावी, याचा निर्णय एकदां चुकला तर तो नातवंडांच्याही हयातींत सुधारत नाहीं.

विकरांची ओळख मनुष्याला प्रथम झाली ती मातींत नव्हे, तर धान्यांत. १८३३ सालीं पायें व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं मोड आलेल्या सातूंतून पिठाची साखर करणारें द्रव्य वेगळें काढलें. पुढें १८९७ सालीं जर्मनींत बुखनर यांनीं यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या नुसत्या रसानें साखर आंबवून दाखविली, आणि जिवंत पेशीवांचूनही हीं कामें होऊं शकतात हें सिद्ध झालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८९९ सालीं, अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील आल्बर्ट वुड्स यांनीं मातींतही अशीं विकरें, विशेषतः ऑक्सिडीकरण करणारीं, आढळतात असें सांगितलें. वुड्स हे तंबाखूच्या पानांवरील ठिपक्यांच्या रोगाच्या मागें लागले होते आणि तो रोग या विकरांमुळेंच होतो असें त्यांचें मत होतें. तें मत साफ चुकलें. तो रोग विषाणूचा निघाला. शास्त्राच्या इतिहासांत चुकीच्या वाटेनें जातां जातां खरी वस्तु हातीं लागल्याचीं उदाहरणें विरळा नाहींत, त्यांत हें एक.

यानंतर १९०६ च्या सुमारास जर्मनींतील कॅनिग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मातीवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून किती प्राणवायु सुटतो तें मोजलें. हा प्रयोग घरींही करून पाहण्यासारखा आहे. औषधांच्या दुकानीं मिळणारें, जखम धुण्याचें सौम्य पेरॉक्साइड कुंडींतील चमचाभर मातीवर घाला. माती फसफसूं लागेल. ती फसफस कॅटॅलेज या विकराची. परंतु येथेंच पहिली अडचण उभी राहिली. मातींतील मँगॅनीज व लोह यांचे क्षारही पेरॉक्साइडाचें असेंच विघटन करतात, म्हणून माती उकळून घेतली तरी थोडीशी फसफस उरतेच. मग साक्ष विकराची कीं दगडाची? हा प्रश्न या शास्त्राच्या जन्मापासून त्याच्या मागें लागलेला आहे, आणि पुढें तो अगदीं अनपेक्षित रूपानें पुन्हां पुढें आला. तें यथाक्रम सांगेन.

दुसरी अडचण त्याहूनही सूक्ष्म होती. मातींत जंतु जिवंत असतात व प्रयोग चालूं असतांना त्यांची वाढ होते. तेव्हां जें काम झालें तें आधींपासून मातींत असलेल्या विकरांचें, कीं प्रयोगकाळांत वाढलेल्या जंतूंचें? यावर टोल्युइन नांवाच्या द्रवाचा उपाय योजण्यांत आला. तें घातलें म्हणजे जंतूंची वाढ खुंटते, परंतु विकरांचें कार्य चालूं राहतें. या युक्तीचा चांगला उपयोग करणाऱ्यांत एक नांव आपल्या देशांतलें आहे, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. व्ही. सुब्रह्मण्यन् यांनीं इंग्लंडांतील रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधनकेंद्रांत पाण्याखालीं बुडालेल्या जमिनींचा अभ्यास करून, अशा मातींत अमोनिया उत्पन्न करणारें एक विकर असल्याचें १९२७ सालीं दाखवून दिलें. भाताच्या खाचरांच्या देशांतून गेलेल्या मनुष्याला हा प्रश्न सुचावा हें स्वाभाविकच होतें. हेच सुब्रह्मण्यन् पुढें म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधनसंस्थेचे पहिले संचालक झाले.

आतां पुन्हां युरिएजकडे वळूं. १९२६ सालीं अमेरिकेंतील जेम्स समनर यांनीं आपल्या अबईच्या जातीच्या शेंगांतील दाण्यांपासून युरिएजचे शुद्ध स्फटिक तयार केले व विकरें हीं प्रथिनें आहेत असें प्रतिपादन केलें. समनर मूळचे डावखुरे. सतराव्या वर्षीं शिकारींत झालेल्या अपघातानें त्यांचा डावा हातच गेला, आणि उजव्या हाताला नव्यानें वळण लावून त्यांनीं ही नाजूक प्रयोगविद्या साध्य केली. त्यांचें म्हणणें मान्य होण्यास बराच काळ लागला. नोबेल पारितोषिक मिळालें तें १९४६ सालीं. इकडे १९३५ ते १९४० या काळांत इटलींत रोतिनी व कॅलिफोर्नियांत कॉनरॅड यांनीं तेंच युरिएज मातींत असल्याचें दाखविलें होतें.

विकर हें प्रथिन आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची. प्रथिनांत गंधकयुक्त असे कांहीं भाग असतात. पारा, चांदी, तांबें अशा धातूंची त्या गंधकाशीं मोठी जवळीक. धातु तेथें जाऊन बसली कीं, कुलपांत मेण भरल्यावर जशी किल्ली फिरत नाहीं, तसें त्या विकराचें काम थांबतें. म्हणजे मातींत विषारी धातु वाढली असतां विकरांचें काम मंदावलें पाहिजे. एक तर धातु विकरालाच पकडते, आणि दुसरें असें कीं विकर निर्माण करणारे जंतुच तिच्यामुळें कमी होतात. या साध्या अनुमानावर पुढची सारी इमारत उभी आहे.

परंतु हें अनुमान पडताळून पाहण्यास सोपीं व भरंवशाचीं मापनें पाहिजे होतीं. तीं आलीं रंगांच्या मार्गानें. १९४२ सालीं जर्मनींत लाकॉन यांनीं बियाणें जिवंत आहे कीं मेलेलें हें ओळखण्यासाठीं एका रंगहीन क्षाराचा उपयोग सुरू केला. त्याचें लांबलचक नांव टेट्राझोलियम. जिवंत बीजाच्या श्वसनक्रियेनें तो क्षार लालभडक होतो, मेलेलें बीज पांढरेंच राहतें. १९५६ सालीं लेनहार्ड यांनीं हाच क्षार मातीला लावून पाहिला, आणि १९६४ सालीं अमेरिकेंतील कॅसिडा व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं त्या पद्धतीला नेटकें रूप दिलें. माती त्या क्षारासह ३७ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत २४ तास ठेवावयाची, मग झालेला लाल रंग मद्यार्कानें धुऊन काढून त्याचा गडदपणा यंत्रानें मोजावयाचा. जितकी माती जिवंत तितका रंग गडद. या मापनांत जें विकर मोजलें जातें त्याला डिहायड्रोजिनेज म्हणतात. आणि तें बहुतांशीं जिवंत पेशींच्या आंतच काम करीत असल्यामुळें मातींतील आजच्या जीवनाचें तें चांगलें चिन्ह मानलें गेलें. १९६९ सालीं आयोवा स्टेट विद्यापीठांतील तबातबाई व ब्रेमनर यांनीं फॉस्फरस मोकळा करणाऱ्या विकरासाठीं अशीच एक पद्धति दिली. तींत रंग पिवळा येतो, माती एकच ग्रॅम लागते आणि वेळ एक तास. जगांतील कोणत्याही प्रयोगशाळेंत ती करतां येऊं लागली.

मध्यंतरीं एक आशा उत्पन्न होऊन मावळलीही होती. १९५० नंतर जर्मनींत कांहीं शास्त्रज्ञांना असें वाटलें, कीं एखाद्या विकराच्या एकाच आंकड्यावरून जमिनीची सुपीकता सांगतां येईल. तें कांहीं साधलें नाहीं. निरोगी मनुष्यांचीही नाडी सारखी चालत नाहीं. मग काळी, तांबडी, पाणथळ, डोंगराळ अशा नाना प्रकारच्या जमिनींना एकच माप कसें पुरावें? शिवाय विकरांचा एक विलक्षण गुण याच सुमारास उघडकीस आला. १९५७ सालीं कॅलिफोर्नियांत मॅक्लॅरन यांनीं इलेक्ट्रॉनांच्या मार्‍यानें मातींतील झाडून सारे जंतु मारले, तरीही तिच्यांतील विकरांचें काम चालूं राहिलें. तीं विकरें चिकण मातीच्या व ह्यूमसच्या कणांना बिलगून सुरक्षित राहिलीं होतीं. पुढें त्यांनीं व स्कुयिन्श यांनीं अलास्कांतील सदैव गोठलेल्या, सुमारें नऊ हजार वर्षें जुन्या मातींत युरिएज शिल्लक असल्याचें नमूद केलें. अर्थात् मातींतील विकरें ही कांहीं अंशीं आजची कमाई आणि कांहीं अंशीं पूर्वजांची ठेव. हा भेद लक्षांत न घेतल्यास मृत जमीनही कांहीं काळ जिवंत भासेल.

आतां त्या प्रयोगाकडे येतों, ज्याच्यामुळें या विषयाला खरें वजन आलें. स्वीडनच्या आग्नेय भागांत गुसूम म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथें सतराव्या शतकापासून पितळेचा कारखाना चाले. पितळ म्हणजे तांबें व जस्त. भट्टीच्या धुराबरोबर या दोन्ही धातूंचे कण शतकानुशतकें सभोंवतालच्या स्प्रूस वृक्षांच्या जंगलावर पडत राहिले. कारखान्याच्या निकट धातूंचें प्रमाण अतिशय, दूर जावें तसतसें कमी, आणि बराच पल्ला गेल्यावर स्वच्छ जंगल. झाडें तींच, हवामान तेंच, माती त्याच प्रकारची. पालट काय तो धातूंचा. प्रयोगशाळेंत मुद्दाम मांडूं म्हटलें तरी जो मांडतां आला नसता, असा हा प्रयोग मनुष्याच्या उद्योगानें नकळत मांडून ठेवला होता.

लुंड विद्यापीठांतील गेरमुंड टायलर यांनीं तो ओळखला. त्यांनीं व रूलिंग यांनीं १९६८ सालींच, शेवाळ हें हवेंतून पडणारी धातु धरून ठेवतें याचा उपयोग करून, प्रदूषण मोजण्याची रीत काढली होती. गुसूमच्या जंगलांत, धातु जास्त तेथें झाडांच्या गळलेल्या सुया कुजण्याचा वेग मंदावलेला त्यांना आढळला. सुया कुजल्या नाहींत म्हणजे त्यांत अडकलेलें अन्न झाडाला परत मिळत नाहीं. रान उपाशी राहूं लागतें, आणि तेंही भरल्या घरांत. असें कां व्हावें? १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत टायलर यांनीं या जंगलांतील कुजक्या थरांतील विकरें मोजून याचें उत्तर दिलें. तांबें व जस्त यांचें एकत्रित प्रमाण दसपट झालें कीं युरिएज ठराविक मापानें उतरे. पुन्हां दसपट, कीं पुन्हां तितकेंच. फॉस्फरस मोकळा करणाऱ्या विकराचीही तीच गत, मातीच्या श्वसनाचीही तीच. आलेखावर जवळजवळ सरळ रेषा उतरली.

पण त्याच निबंधांत आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती अधिक बोधक वाटते. साखरेचे दुवे तोडणारें ग्लुकोसिडेज नांवाचें विकर त्यांनीं मोजलें. त्यांत धातूंमुळें मोजण्याइतकी घट आढळली नाहीं. म्हणजे समजा एखाद्या तपासनिसानें नेमकें तेंच एक विकर तपासलें असतें, तर त्यानें त्या विषारलेल्या रानाला निरोगीपणाचा दाखला देऊन टाकला असता! एकाच साक्षीदारावर निकाल देऊं नये, हा न्यायालयांतील दंडक येथेंही लागू पडतो तो असा.

१९७७ सालीं तबातबाई यांनीं प्रयोगशाळेंत मातीच्या नमुन्यांना निरनिराळ्या धातु घालून युरिएजवर त्यांचा परिणाम मोजला. चांदी व पारा सर्वांत घातक, तांबेंही त्यांच्यामागें फार दूर नाहीं. पुढें असे प्रयोग जगभर अक्षरशः शेंकड्यांनीं झाले. त्यांतील पुष्कळांविषयीं मला एक तक्रार आहे: आज बाटलींतील मातींत धातूचें पाणी ओतावयाचें व उद्यां विकर मोजावयाचें, यावरून शंभर वर्षें धूर खाल्लेल्या जमिनीचें भवितव्य सांगणें धाडसाचें आहे. ताजी धातु मोकळी असते, जुनी मातीशीं बांधली जाते. आणि जंतूंतही कालांतरानें धातु सोसणारे वरचढ होतात. असो.

मघाशीं ज्या अडचणीचा उल्लेख केला तिची पुनरावृत्ति १९९१ सालीं झाली. लाल रंगाची ती डिहायड्रोजिनेजची पद्धति तोंवर सर्वमान्य झाली होती, आणि तांब्यानें दूषित झालेल्या जमिनींत तो रंग अत्यंत फिका येतो, म्हणून तेथील जीवन जवळजवळ संपलें आहे, असे निष्कर्ष निघत होते. रॉथॅमस्टेड येथें चंदर व ब्रूक्स यांना शंका आली. कारण त्याच मातींतील जंतूंचें एकूण वजन दुसऱ्या रीतीनें मोजलें असतां तें इतकें घटलेलें दिसेना. त्यांनीं शोध केला तेव्हां कळलें, कीं तांबें त्या लाल रंगालाच फिका पाडतें. जंतु आपलें काम करीत होते, रंगही करीत होते. तांबें मध्येंच तो पुसून टाकीत होतें. त्यांच्या निबंधाचें शीर्षकच प्रश्नरूप आहे: ही पद्धति तांबेंयुक्त मातींत निरुपयोगी तर नाहीं ना? पूर्वींचे किती निष्कर्ष यामुळें संशयित झाले असतील याची कल्पनाच करावी. आरोपीनेंच साक्षीदाराची जबानी खोडून ठेवली होती, आणि तीही अशा रीतीनें कीं आरोपीचा गुन्हा होता त्याहून मोठा दिसावा.

म्हणून आतां जाणते लोक या कामीं कांहीं पथ्यें पाळतात. एक विकर न पाहतां चार-पांच पाहतात. त्यांबरोबर जंतूंचें वजन व मातीचें श्वसनही मोजतात. आणि मुख्य म्हणजे दूषित जमिनीचा आंकडा पुस्तकांतील आंकड्याशीं न ताडतां तिच्याच शेजारच्या, तशाच परंतु स्वच्छ असलेल्या मातीशीं ताडतात. गुसूमला असा शेजार होता. जेथें सारा मुलूखच धुराखालीं आला आहे, तेथें तो शोधणें हेंच सर्वांत अवघड काम होऊन बसतें.

असा शेजार आणखी एका ठिकाणीं अनायासें मिळाला. इंग्लंडांत बेडफर्डशरमधील वोबर्न येथें, भाजीपाल्याच्या पिकांना कोणतें सेंद्रिय खत मानवतें हें पाहण्यासाठीं १९४२ सालीं रेताड जमिनीच्या लहान लहान पट्ट्या आंखण्यांत आल्या. कांहींना शेणखत, कांहींना लंडनच्या मैल्याचा गाळ. १९६१ नंतर गाळ घालणें बंद झालें. हेतु जमिनीचें पोषण करण्याचा होता, विष घालण्याचा नव्हे. परंतु त्या गाळाबरोबर शहरांतील कारखान्यांचें जस्त, तांबें, निकेल व कॅडमियम येऊन बसलें होतें. गाळ थांबल्यावर वीसहून अधिक वर्षें लोटलीं, तेव्हां या पट्ट्यांवरील मातींतील जंतूंचें वजन घेण्यांत आलें. तें शेणखताच्या पट्ट्यांवरील वजनाच्या जवळजवळ निम्में भरलें. मग दोन्हींवर पांढरा क्लोव्हर पेरला. हें हवेंतील नायट्रोजन मुळांवरील गांठींत सांठविणारें, आपल्या द्विदल पिकांच्या कुळांतलें गवत आहे. शेणखताच्या पट्टींत तें भरघोस वाढलें; गाळाच्या पट्टींत पिवळें व खुरटें राहिलें. उपटून पाहिलें तों मुळांवर गांठी होत्या, पण लहान व पांढऱ्या. त्या भूमींत त्या जातीच्या जंतूंपैकीं जी एकच जात तग धरून उरली होती, तिला गांठी बांधतां येत होत्या. नायट्रोजन मात्र धरतां येत नव्हता.